बाबांची चौसष्ट कार्डं

शेवटच्या वर्षाला आम्हाला एक विषय असतो, त्याला सगळी मुलं 'स्वतःला विका' म्हणतात. कागदोपत्री त्याचं नाव बरंच भारदस्त आहे. त्यात पोर्टफोलिओ करायचा, स्वतःच्या नावाचा लोगो करायचा, दोन रंग आणि एक फॉन्ट ठरवायचा आणि आपण कोण आहोत ते एका ओळीत सांगायचं. माणसाला जन्मभर जे सांगता येत नाही ते आम्ही सोळा आठवड्यांत सांगतो. त्याला मार्कही असतात.

शिकवायला मार्जिन सर. कुठलंही पान दाखवा, ते म्हणणार, "कोंदलंय, मार्जिन सोड." एकदा कँटीनमध्ये दोन मुलांची जुंपली तेव्हा मध्ये पडून त्यांनी हेच सांगितलं म्हणतात. माणूस वाईट नाही. कामाचं सोनं कुठे आहे ते त्यांना लांबून दिसतं. ते खणून काढताना खाली कोण उभं आहे हे बघायची त्यांना सवय नाही, एवढंच.

पहिले सात आठवडे माझी ती एक ओळ काही जमेना. वर्गातल्या एकाने पिवळी लोकरी टोपी ही आपली ओळख ठरवली आणि भर उन्हाळ्यात तो ती घालून घामाघूम हिंडायला लागला. त्याला पिवळ्या हे नाव पडलं, म्हणजे त्याचा ब्रँड आमच्या सगळ्यांच्या आधी तयार झाला. माझ्याकडे नीटनेटकी कामं होती: एका बेकरीचे खोके, पुस्तकांची कव्हरं, एक अ‍ॅप. सरांनी सगळं चाळलं आणि विचारलं, "छान आहे. पण यात तू कुठे आहेस?"

"फोल्डरच्या नावात," मी म्हणाले.

ते हसले नाहीत. माझा फोन टेबलावर होता आणि त्यावर आईने पाठवलेला फोटो उघडा होता. सरांची नजर त्यावर गेली. "हे काय आहे?"

ती बाबांची कार्डं होती.

आमचं फोटो फ्रेमिंगचं दुकान आहे. दीड वर्षापूर्वी बाबा काच कापत असताना त्यांच्या मेंदूत रक्ताची गुठळी अडकली. उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. त्यांना समजतं बहुतेक सगळं, पण शब्द सापडत नाही. एकच शब्द उरला, 'बरं का'. भूक लागली तरी बरं का, राग आला तरी बरं का. डॉक्टर म्हणाले, असं होतं, एखादा शब्द मागे राहून जातो. आई म्हणाली, जन्मभर माझं म्हणणं कधी बरं म्हणून ऐकलं नाही, आता बसलेत सगळ्याला बरं म्हणत.

मी दवाखान्यातच फ्रेमच्या मागे लावायच्या पुठ्ठ्याचे तुकडे केले आणि स्केचपेनने चित्रं काढली. पाणी, जेवण, संडास, पंखा, दुखतंय. घाईत काढलेली, वाकडीतिकडी. माझा चहाचा कप बादलीसारखा दिसत होता. दुखतंयचं कार्ड म्हणजे लाल रंगाने काढलेला आ वासलेला माणूस, त्याच्या डोक्यावर आईने आणखी रेघोट्या ओढल्या, कारण तिच्या मते तो गाणं म्हणत असल्यासारखा दिसत होता. प्रत्येक कार्डाखाली आईने आपल्या गोल अक्षरात नाव लिहिलं. वर्षभरात त्यांचे कोपरे दुमडले, कशाला टेप लागली, कशावर वरण सांडलं. बाबा डाव्या हाताने पत्ते पिसल्यासारखी ती पिसायचे आणि हवं ते बरोब्बर काढून पुढे धरायचे.

एक गोष्ट सांगून टाकते. त्या दवाखान्याच्या दिवसांत आई रडली, आत्या रडली, मी पार्किंगच्या पावत्या जपून ठेवल्या. तेव्हापासून मला काही वाटेनासं झालंय. वाईट वाटतं आणि मी लपवते, असं नाही. वाटतच नाही. खूप वेळ मांडी घालून बसल्यावर पाय आपला राहत नाही, तसं. मी वाट बघत होते, पुढे मुंग्या येतील म्हणून. आल्या नाहीत. काम मात्र दुप्पट व्हायला लागलं.

सरांनी फोटो मोठा करून बघितला आणि खुर्ची पुढे ओढली. "अगं, काखेत कळसा आणि गावाला वळसा! ही तुझी गोष्ट आहे. हाच तुझा पोर्टफोलिओ."

अशा रीतीने मला माझी ओळ मिळाली: ज्यांच्याकडे शब्द नाहीत त्यांच्यासाठी मी डिझाइन करते. ती मी निळ्या रंगात लिहिली.

पुढचे सहा आठवडे मी चौसष्ट कार्डं नव्याने केली. सरांनी एकच मंत्र दिला होता, सगळी एका घरातली दिसली पाहिजेत. म्हणून मी चारच मूळ आकार घेतले: गोल, पट्टी, कमान आणि थेंब. सगळं त्यातूनच बनवायचं. रेघेची जाडी एक, रंग एक, कोपऱ्यांची गोलाई एक. रडका चेहरा काढला तर सर म्हणाले, हे बाळबोध आहे. मग दुखण्यासाठी मी थेंब घेतला, खाली दोन बारीक तिरप्या रेघा. पाण्यासाठी थेंब होताच, खाली एक कमान. खालची नावंही काढून टाकली. "चांगल्या चिन्हाला नाव लागत नाही," सर म्हणाले, आणि ते मी वहीत लिहून घेतलं.

छापून आल्यावर कार्डं अशी देखणी दिसत होती की पिवळ्याने टोपी काढून डोकं खाजवलं. मी ती घरी घेऊन गेले. येताना जुनी कार्डं माझ्याबरोबर कॉलेजात आणली, कारण परीक्षकांना प्रोसेस बुक दाखवावं लागतं, म्हणजे काम कसकसं होत गेलं त्याची वही. तीत आधीचे कच्चे नमुने लागतात. माझे कच्चे नमुने म्हणजे बाबांची कार्डं. मी स्प्रेच्या गोंदाने ती पानोपानी चिकटवली, मधे भरपूर मार्जिन सोडून.

नेताना आई म्हणाली होती, "दोन्ही असू देत की इथे. सवय होईपर्यंत."

"दोन्ही ठेवलीस तर नव्यांची सवय होणारच नाही," मी म्हणाले. हे आम्हाला दुसऱ्या वर्षाला शिकवतात.

आठवड्याने तिचा फोन आला. मी तेव्हा पोर्टफोलिओच्या पहिल्या पानाशी झटापट करत होते. "छान आहेत गं कार्डं," ती म्हणाली. "गिऱ्हाइकंसुद्धा उचलून बघतात. फक्त यातलं पाणी कुठलं ते सांग."

"थेंबाचं," मी म्हणाले आणि फोन ठेवला.

त्याच्या पुढच्या पंधरवड्यात मला एका स्टुडिओतून बोलावणं आलं. आमच्या वर्गातले अर्धेअधिक तिथे अर्ज करून बसले होते. लांबलचक पांढरी खोली, एका टोकाला कॉफीचं यंत्र, भिंतीवर त्यांची बक्षिसं. तिथल्या मॅडमनी बाकीची पानं भराभर उलटली आणि कार्डांपाशी थांबल्या. बराच वेळ थांबल्या. एका पानावर बाबांच्या डाव्या हाताचा फोटो होता, बोटांत कार्ड धरलेलं. फोटोसाठी मी त्यांची नखं कापली होती.

"हे रोज वापरतात?" त्यांनी विचारलं.

"रोज," मी म्हणाले. कार्डं घरी होती, बाबा घरी होते, म्हणजे वापरतच असणार.

"आमच्यासमोर आता दोन जणं आहेत, तू आणि आणखी एक. दोघांचं काम चांगलं आहे." त्यांनी पोर्टफोलिओ मिटला. "मला तीस सेकंदांचा व्हिडिओ हवाय. ते कार्ड उचलतात, समोरच्याला कळतं, बस. साधा, घरातला, खिडकीच्या उजेडात. शनिवारी संध्याकाळी सहापर्यंत पाठव. मी तो थेट वर दाखवते."

बाहेर आले तेव्हा आधी आईला फोन करायला हवा होता. मी बसस्टॉपवर उभी राहून तीस सेकंदांचे सहा तुकडे पाडले आणि कुठला कुठून घ्यायचा ते लिहून काढलं.

शनिवारी दुपारी मी दुकानात पोचले. घर दुकानाच्या मागेच आहे, मधे एक पडदा. पुढे भिंतीला फ्रेमच्या पट्ट्यांचे नमुने टांगलेले, कोपऱ्यात उभ्या काचा, आणि खिडकीशी बाबांचं जुनं कटिंगचं टेबल. आता त्याच्यापाशी ते नुसते बसतात. आई एका लग्नाच्या फोटोच्या मागे खिळे ठोकत होती. नवरा बायकोपेक्षा बुटका होता म्हणून फोटोग्राफरने त्याला कशावर तरी उभं केलेलं दिसत होतं.

"बाबा, कसे आहात?"

"बरं का," बाबा म्हणाले. चेहरा जरा उतरलेला होता. डावा तळहात गालावर ठेवून बसले होते.

"जेवत नाहीत हल्ली नीट," आई म्हणाली. "भात कालवून मऊ केला तरी दोन घास. उन्हाने असेल. पाणी मात्र सारखं मागतात. दिवसातून वीस वेळा ते कार्ड पुढे करतात बघ. आणि घोट घेतला की तोंडात धरून ठेवतात, लहान मुलासारखे."

"म्हणजे वापरतात कार्डं," मी म्हणाले. मला जरा सुटल्यासारखं झालं.

"पाण्याचं वापरतात. बाकीची बाजूलाच असतात."

एक चिन्ह चालत होतं तर तेवढं पुरे होतं. तीस सेकंदांत चौसष्ट कुठे मावणार होती? मी टेबल साफ केलं, आईचे खिळे, हातोडी, डिंकाची बाटली आत ठेवली. बाबांचा शर्ट बदलला. काचांवरून उलटून येणारा उजेड नेमका टेबलावर पडेल अशी एक मोठी काच भिंतीला टेकवली. साडेतीनचा उजेड होता, मऊ, पिवळसर. असा उजेड लावायला स्टुडिओत दोन माणसं आणि एक तास लागतो. मी पाच कार्डं एका ओळीत मांडली, फोन स्टँडवर लावला आणि दोघांना समजावलं.

"बाबा, तुम्ही आत्ता करता तसंच करायचं. हवं ते उचलायचं आणि आईकडे धरायचं. आई, तू बघायचंस आणि पेला पुढे करायचास. कॅमेऱ्याकडे कुणीही बघायचं नाही."

"माझं तोंड येणार का त्यात?"

"फक्त हात."

"मग बरंय. बांगड्या बदलू?"

"नको गं आई, तशीच ये."

पहिल्या वेळी बाबांनी हात पुढे केला, पाचांतून थेंबाचं कार्ड उचललं आणि आईकडे धरलं. आईला जरा उशीर झाला, पेला पुढे आला तो हिंदकळून. बाबा प्यायले. मी म्हणाले, पुन्हा.

दुसऱ्या वेळी बाबांनी तेच कार्ड उचललं. पेला वेळेवर आला, पण त्यात माझं प्रतिबिंब दिसत होतं. मी स्टँड हातभर डावीकडे सरकवला.

तिसऱ्या वेळी सगळं जुळून आलं. बाबांची बोटं कार्डावर थांबली, मग त्यांनी ते हळूच उचललं. उजेड कार्डाच्या कडेवरून त्यांच्या मनगटावर घसरला. आईचा हात आला, सुरकुतलेला, दोन साध्या बांगड्यांचा, पेल्यावर थेंब साचलेले. बाबांनी पेला घेतला. त्यांनी घोट गालात धरला आणि डोळे मिटले. बघणाऱ्याला वाटावं, किती समाधान. मी मनातल्या मनात तीसच्या थोडं पुढे मोजलं.

"झालं!" मी म्हणाले आणि बटण दाबलं. "फार छान झालं."

बाबांनी पेला खाली ठेवला आणि कार्ड पुन्हा उचललं. आता ते आईकडे नव्हतं, माझ्याकडे होतं. हात लांब करून त्यांनी ते माझ्या तोंडासमोर आणलं, इतकं जवळ की मला मान मागे घ्यावी लागली. थेंबाखाली कमान नव्हती, दोन तिरप्या रेघा होत्या.

"बरं का," बाबा म्हणाले. "बरं का. बरं का."

मी त्यांच्याजवळ गेले. "बाबा, तोंड उघडा."

आत डावीकडे खालची हिरडी सुपारीएवढी सुजली होती आणि मधोमध पांढरा ठिपका होता. वास आला. गालाला बाहेरून हात लावला तर कढत होता. आई मागून वाकून बघत होती. तिने एकदा हिरडीकडे बघितलं आणि एकदा टेबलावरच्या कार्डांकडे. मग तिने चष्मा काढून पदराने पुसला, परत लावला, दोन्ही थेंबांची कार्डं उचलून शेजारी शेजारी धरली.

"हे पाणी नाही?" तिने विचारलं.

"नाही."

"हे दुखतंय आहे?"

"हो."

"अगं, मग मी इतके दिवस..." ती बाबांच्या डोक्यावरून हात फिरवत राहिली. ते डोकं तिच्या पोटाला टेकवून बसले.

दोन गल्ल्या सोडून दातांचा दवाखाना आहे, तिथे आम्ही पाचला पोचलो. डॉक्टरीणबाईंनी टॉर्च मारून बघितलं आणि चेहराच पाडला. दाढ आत किडली होती आणि मुळाशी पू झाला होता. बाबांना रक्त पातळ राहण्याच्या गोळ्या चालू आहेत म्हणून दाढ आज काढता येणार नव्हती, पू तेवढा काढून औषध देणार होत्या.

"हे काही आजकालचं नाही. आठ-दहा दिवस तरी झालेत," त्या म्हणाल्या. "एवढ्या दुखण्यात धडधाकट माणूस ओरडून घर डोक्यावर घेतो. यांनी काहीच सांगितलं नाही?"

"सांगत होते," आई म्हणाली.

बाबांना आत घेतलं आणि दार लागलं. आम्ही दोघी बाहेरच्या बाकड्यावर बसलो. समोर दात घासायची योग्य पद्धत सांगणारं एक पोस्टर होतं. अक्षरं गच्च भरलेली, कुठेही मार्जिन नाही, तीन वेगवेगळे फॉन्ट. पण ते कुणालाही कळलं असतं. मी फोन काढला. साडेपाच व्हायला आले होते. तिसरा व्हिडिओ उघडून मी सुरुवातीचे दोन सेकंद आणि शेवटचं ते माझं 'झालं' कापून टाकलं. बरोब्बर तीस सेकंद उरले.

आई बाजूने बघत होती. व्हिडिओ आवाजाशिवाय चालू होता. बोटं, कार्ड, पेला, मिटलेले डोळे.

"माझं ठीक आहे," ती हळूच म्हणाली. "मला ती सगळी सारखीच दिसतात. पण तू तर केलीस ती. तुला बघितल्या बघितल्या कळलं असेल ना, कुठलं आहे ते?"

"हो."

"कधी? तिसऱ्या वेळी?"

खोटं बोलायला जागा होती. तिनेच करून दिली होती.

"पहिल्याच वेळी," मी म्हणाले.

"मग?"

मी खरंच आठवून बघितलं. पहिल्या वेळी स्क्रीनवर मला दोन तिरप्या रेघा स्वच्छ दिसल्या होत्या. बाबा दुखतंय म्हणतायत हेही कळलं होतं. आणि त्याच्या पाठोपाठ डोक्यात आलं होतं की हे बघणाऱ्या कुणालाच कळणार नाही, आणि चार वाजता ऊन गल्लीतल्या इमारतीमागे जातं.

"उजेड चांगला होता, आई."

आतून यंत्राचा आवाज आला, थांबला. मग तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "पाठवलास का?"

"अजून नाही."

"मग पाठव. सहाला वेळ संपते ना? एवढं सोसलं त्यांनी, निदान तुला नोकरी तरी लागू दे."

ती टोमणा मारत नव्हती. टोमणा असता तर मी सहन केला असता, उलट बोलले असते. तिला खरोखरच वाटत होतं की आता जे झालं ते झालं, पोरीचं नुकसान नको. सहाला बारा मिनिटं असताना मी व्हिडिओ पाठवला. खाली काहीतरी लिहायचं होतं, कार्ड कुठलं आहे ते. मी लिहिलं, पुसलं, आणि नुसताच पाठवला. मॅडमचं उत्तर लगेच आलं: शब्दच नाहीत. सोमवारी भेटू.

म्हणजे मला नोकरी लागल्यातच जमा होती. आनंद होतोय का ते मी बघितलं. मग वाईट वाटतं का ते बघितलं.

दार उघडलं आणि डॉक्टरीणबाई बाबांना हाताला धरून घेऊन आल्या. गालात कापसाचा बोळा, हनुवटीवर थुंकीची रेघ, पण कपाळ मोकळं झालं होतं. दहा दिवसांत पहिल्यांदाच त्यांना ठणक नसणार. ते समोरच्या खुर्चीत बसले आणि त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं. मी अजून फोन तसाच समोर धरून बसले होते. त्यांनी फोनकडे बघितलं. मग डाव्या हाताने शर्टाची कॉलर नीट केली, हनुवटी पुसली, खिडकीकडे तोंड केलं आणि रिकामी बोटं कार्ड धरल्यासारखी उचलून थांबले.

"अहो, ती काढत नाहीये," आई म्हणाली.

मी फोन खाली ठेवेपर्यंत ते हलले नाहीत.